चेरी खरी, चेरी खोटी

बालमित्रांनो, बेकरीतल्या केकवर बसलेली लालचुटुक चेरी कोणाकोणाला आवडते? सगळ्यांचे हात वर! आता दुसरा प्रश्न. ती चेरी कुठल्या झाडाला लागते?

आमच्या चौथीच्या वर्गात हे विचारलं तेव्हा "काश्मीर", "अमेरिका", "बेकरी" अशी तीन उत्तरं आली. मी "करवंदीच्या जाळीला" म्हटल्यावर सगळे हसायला लागले. पण खरंच सांगते, आपल्याकडे केकवर, बनमध्ये, पानाच्या विड्यावर जी चेरी असते ती बहुतेक वेळा करवंदच असते. कच्ची, गुलाबीसर करवंदं चिरून बिया काढतात, मिठाच्या पाण्यात ठेवून चीक घालवतात, मग उकडून, खायचा लाल रंग देऊन, रोज थोड्या घट्ट पाकात मुरवतात. विश्वास बसत नाही? दुकानातल्या चेरीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पाकिटांवर 'करोंदा' लिहिलेलं सापडेल.

मग खरी गोड चेरी कशी असते? तिला लांब हिरवा देठ असतो आणि आत एकच टणक बी. झाडाला कडाक्याची थंडी लागते. हिवाळ्यात शेकडो तास गारठल्याशिवाय ते धड फुलतच नाही. म्हणून आपल्या भिवंडीत लावाल तर नुसती पानं बघत बसावं लागेल! आपल्या देशातली बहुतेक चेरी काश्मीरची. शोपियान, गांदरबल, श्रीनगर या भागांत मे ते जुलै तोडणी चालते. तिथल्या जातींची नावं ऐका: अव्वल नंबर, मखमली, मिश्री, डबल. अव्वल नंबर नावाप्रमाणे सगळ्यांच्या आधी तयार. मखमली मऊ, तिला लांबचा प्रवास सोसत नाही. मिश्री गोड आणि दाताखाली कुरकुरणारी, तर डबल मोठी, घट्ट, प्रवासाला दमदार. आपल्या बाजारात येते ती बहुधा मिश्री नाहीतर डबल. पूर्वी चेरी ट्रकनं किंवा विमानानं यायची. २०२५ च्या जूनमध्ये जम्मूजवळच्या कटऱ्याहून ती रेल्वेनं मुंबईला आली.

एवढी घाई कशाला, असं तुम्ही विचाराल. आंबा कसा, अढीत घातला की पिकतो. चेरी तशी नाही. झाडावरून तोडली की तिचं पिकणं थांबलं. म्हणून पूर्ण पिकल्यावरच तोडायची आणि खराब व्हायच्या आत खाणाऱ्याच्या हातात द्यायची.

अमेरिकेत 'बिंग' नावाची काळपट लाल चेरी फार प्रसिद्ध आहे. १८७० च्या दशकात ऑरेगनमधल्या लुएलिंग यांच्या बागेत ती तयार झाली आणि तिथला चिनी मुकादम आह बिंग याचं नाव तिला मिळालं. पुढे १८८९ मध्ये तो चीनला घरी गेला. पण चिनी मजुरांना येऊ न देण्याचा कायदा अमेरिकेनं १८८२ सालीच केला होता, त्यामुळे त्याला परतता आलं नाही, असं सांगतात. त्याची चेरी मात्र जगभर फिरते आहे. याच बिंगची लेक म्हणजे पिवळ्या अंगावर लाली असलेली 'रेनियर'. ती १९५२ साली तयार झाली.

चेरी आणली तर देठ हिरवागार आहे ना ते बघा. न धुता फ्रीजमध्ये ठेवा, खायच्या वेळी तेवढीच धुवा. ओली ठेवली की लवकर सडते. बी चावून फोडायची नाही हं! तिच्या आतल्या गरात विषारी द्रव्य तयार होतं. आणि लहान भावंडांना बी काढूनच द्या, नाहीतर घशात अडकायची.

आणखी एक चेरी तुमच्या शाळेच्या आवारातच असेल. छत्रीसारखं पसरलेलं झाड, पांढरी फुलं, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी लाल गोड फळं. तीच सिंगापूर चेरी! तिचं खरं माहेर मात्र सिंगापूर नव्हे, ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. फळ दाबलं की आत मोहरीहूनही बारीक असंख्य बिया. बुलबुल आणि वटवाघळं तुमच्या आधी ताव मारतात, तेव्हा पक्ष्यांनी टोचलेलं फळ खाऊ नका.

पण मला विचाराल तर माझं मत करवंदाला. चिमूटभर मीठ-तिखट लावून खावं. खाण्याआधी जोडीदाराला विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हा खेळ कुठल्या चेरीत आहे सांगा बरं? कच्च्या करवंदांचं लोणचं तर वर्षभर पुरतं.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. मे महिन्यात कल्याण, आसनगावकडच्या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. पहाटे डोंगरात जाऊन, काट्यांत हात घालून, एकेक फळ तोडलेलं असतं. त्यांचे कोपरापर्यंत ओरखडलेले हात एकदा बघा. प्लास्टिकच्या डब्यातली परदेशी चेरी आपण छापील किमतीला मुकाट्यानं घेतो आणि इथं पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. हे काही मला पटत नाही. शिवाय आमच्या दापोडे गावाच्या आसपास आता गोदामंच गोदामं. त्यांत सगळ्या जगाचा माल मावतो, पण करवंदीची जाळी शोधायला लांब डोंगराकडे जावं लागतं.

मुलांनो, या मे महिन्यात पिकलेल्या करवंदाच्या बिया धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच मातीत पेरा, फार दिवस ठेवल्या तर रुजत नाहीत. पावसाळ्यात रोप कुंपणाकडेला लावा. काटे आहेत, तेव्हा शेळ्यामेंढ्या जरा लांबच राहतील. आणि द्रोणभर करवंदांत किती कोंबडे, किती कोंबड्या निघाल्या ते मोजून मला कळवा. आमच्या वर्गाचा हिशोबही मी तयार ठेवते.