हिरवा चहा आणि मधुमेह

एका वाचकभगिनीनें विचारिलें आहे, "मामंजींना दहा वर्षें मधुमेह आहे. कोणाच्या सांगण्यावरून त्यांनीं हिरवा चहा सुरू केला आणि गोळ्या बंद केल्या. हें योग्य का?" आधीं इतकें सांगून टाकितों कीं, डॉक्टरांची गांठ घेऊन गोळ्या विनाविलंब पूर्ववत् सुरू कराव्यात. आतां कारणें.

प्रथम नांवाचा घोटाळा. परसांतल्या गवती चहालाही आपल्याकडे कित्येक जण हिरवा चहा म्हणतात. पण तें सुगंधी गवत असून चहाच्या झाडाशीं त्याचा संबंध नाहीं. खरा हिरवा चहा आणि नित्याचा काळा चहा हीं मात्र एकाच झुडपाचीं पानें होत. खुडलेलीं पानें चुरडून हवेंत ठेविलीं म्हणजे प्राणवायूच्या संयोगानें काळवंडतात. जपानांत वाफेनें आणि चीनमध्यें बहुधा कढईंत तापवून हा संयोग थांबवितात. त्यामुळें कॅटेचिन नांवाचीं द्रव्यें पानांत अविकृत राहतात.

रक्तांतील साखर वाढली कीं पेशींत प्राणवायूचे अतिक्रियाशील अंश अधिक उत्पन्न होतात आणि ते डोळे, मूत्रपिंडें व मज्जातंतु यांना इजा करितात. कॅटेचिनें परीक्षानळींत अशा अंशांना निष्प्रभ करितात, म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. परंतु प्यालेल्या चहांतून रक्तांत पोंचणारा त्यांचा भाग फार थोडा असतो. नळींतला गुण देहांतही तसाच दिसेल असें मानणें म्हणजे अनुमानावर विसंबून प्रत्यक्षाची उपेक्षा करणें होय.

प्रत्यक्ष काय सांगतें? २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जपानांतील १७,४१३ प्रौढांच्या पाहणींत, रोज सहा वा अधिक कप हिरवा चहा पिणारांना मधुमेह होण्याचें प्रमाण, क्वचित् पिणारांपेक्षां, सुमारें एकतृतीयांशानें कमी आढळलें. उलट २०१८ सालच्या शांघाय येथील लाखाहून अधिक माणसांच्या पाहणींत तें पिणारांतच अधिक दिसलें. २०१३ सालीं सतरा प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हां उपाशीपोटींची साखर सरासरीनें दीड मिलिग्रॅमच्या आसपास उतरलेली दिसली. ज्याची साखर १८० आहे, त्याला हा उतार कितीसा पुरणार?

खरा लाभ दुसरीकडे आहे. चरकसंहितेंत प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचें सुख, झोपेचें सुख आणि गुळाचे पदार्थ यांचा निर्देश आहे. दिवसांतून चार वेळां दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेणारा आठ चमचे साखर पोटांत घालतो. त्याच्या जागीं बिनसाखरेचा हिरवा चहा आला, तर तेवढी साखर टळते. त्यांत मध घालूं नये, तोही साखरच.

पानें उकळूं नयेत. उकळी उतरल्यावर दोन-तीन मिनिटें पाण्यांत ठेवून गाळावें. जेवणाबरोबर हा चहा घेऊं नये, कारण धान्यें व भाज्या यांतील लोह अंगीं लागण्यास तो अडथळा करितो. अंगांत रक्त कमी असलेल्या स्त्रियांनीं तासभर अंतर राखावें. अर्काच्या गोळ्या मात्र टाळाव्यात. त्यांतून मुख्य कॅटेचिन रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृतास अपाय संभवतो, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१८ सालीं दिला.

तेव्हां मामंजींचा चहा तोडण्याचें कारण नाहीं. तो बिनसाखरेचा करून द्यावा, आणि पेल्याशेजारीं त्यांची गोळीही आठवणीनें ठेवावी.