अम्मीची चाळीस मिनिटे

"वय झालं, आता विसरायचंच!" साठी ओलांडलेल्या अम्मी-अब्बांबद्दल आपण हे किती सहज बोलून जातो. वयाबरोबर स्मरणशक्ती थोडी मंदावते, हे खरे. पण त्यावर काहीच करता येत नाही, हे खरे नाही.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो. नवीन गोष्टी लक्षात ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. उतारवयात तो दरवर्षी एक ते दोन टक्क्यांनी आकसतो. अमेरिकेतील संशोधकांनी ५५ ते ८० वर्षे वयाच्या १२० जणांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीन दिवस भरभर चालला, दुसऱ्याने अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे २ टक्के वाढला, तर दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के घटला.

आता आपल्या घरात पाहा. अब्बा मशिदीत जातात, बाजारात जातात, चार लोकांना भेटतात. अम्मीचे चालणे मात्र स्वयंपाकघर ते गच्ची एवढेच. "दिवसभर राबतेच की मी," असे ती म्हणते. काम भरपूर असते, पण श्वासाची गती वाढेल असे सलग चालणे त्यात क्वचितच होते. नमाजने अंग मोकळे होते. पण ती इबादत आहे, तिला व्यायामाच्या हिशेबात धरू नये.

त्या प्रयोगातही लोकांनी पहिल्या आठवड्यात फक्त १० मिनिटांनीच सुरुवात केली होती. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवत सातव्या आठवड्यात ते ४० मिनिटांवर पोहोचले. फज्रनंतर किंवा असरनंतरची वेळ सोयीची. बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने चालावे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. कुणी तेच तेच प्रश्न विचारू लागले किंवा ओळखीचा रस्ता चुकू लागले, तर तपासणी लांबवू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा दोषही विसरभोळेपणाचे कारण असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

अम्मीला "चालत जा" असे नुसते सांगून भागणार नाही. तेवढा वेळ चुलीपाशी दुसऱ्या कुणी उभे राहायला हवे. सून असो वा मुलगा, आठवड्यातले तीन दिवस आजच वाटून घ्या.