धक्क्याची प्रतवारी

मराठी समीक्षेत ‘धक्का’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कथेचा शेवट धक्का देतो, कवितेतील प्रतिमा धक्का देते, कादंबरी तर वाचकाला मुळापासून हादरवून सोडते. आणि एवढे हादरल्यानंतर समीक्षक पुढच्याच परिच्छेदात शांतपणे पात्रचित्रणाकडे वळतो. आम्हीही अशी परीक्षणे लिहिली आहेत, आणि तीच वाक्ये उत्तरपत्रिकांतून परत आली तेव्हा त्यांना गुणही दिले आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक-कक्षात जो तो एकच शब्द बोलत होता : हादरलो. समोर टेबलावर एक नवा कथासंग्रह पडला होता आणि त्याच्या मलपृष्ठावरही तोच शब्द होता. तो संग्रह आम्ही उलटा करून ठेवला, एवढेच त्या दिवशी सुचले.

या शब्दाकडे नीट पाहायला आम्ही शिकलो ते मात्र पुढे, आणि तेही ग्रंथालयात नव्हे. कर्जतहून कोंदिवड्याकडे जाणारा रस्ता कोंढाणे लेण्यांच्या पायथ्याशी नेतो, वर राजमाची. पाऊस ओसरला की रविवारी सकाळी मुंबई, पनवेल, पुण्याकडची मंडळी डोंगरी सायकली घेऊन या भागात येतात. कोणी लेण्यांच्या बाजूने, कोणी कशेळे-कडावकडच्या भातखाचरांच्या बांधांवरून, कोणी खालापुरात चौकच्या पुढे मोरबे धरणाच्या अंगाने. परतताना चहाच्या टपरीवर त्यांचे जे बोलणे चालते ते आम्ही गेले दोन हिवाळे ऐकत आहोत. आम्ही स्वतः स्वार नाही. आमच्यापैकी एकाने चाळिशी ओलांडल्यावर दोनदा ती सायकल चालवून पाहिली आणि एकदा बांधावरून थेट खाचरात उतरला, एवढीच आमची पात्रता.

या मंडळींच्या बोलण्यात ‘धक्का’ नावाची एकच एक वस्तू नव्हती. मुरमाच्या रस्त्यावर हातांत येणारी बारीक, अखंड थरथर वेगळी. खडकाच्या पायरीवरून उतरताना खालून बसणारा दणका वेगळा. ब्रेक दाबताच सायकलचे तोंड खाली जाते तो गचका वेगळा. दगडाने चाक बाजूला ओढले की मनगटाला बसतो तो हिसका. आणि दणक्यानंतर सायकल वर फेकते ती उसळी. बोलताना ते अर्थातच ‘चॅटर’, ‘हिट’, ‘डाइव्ह’, ‘किक’ असे इंग्रजी शब्द वापरत. वरचे मराठी शब्द बहुतेक आमचे नाहीत. टपरीवाल्याच्या मुलाने ते सहज पुरवले. तो बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतून रोज सायकल हाणतो. चाकोरी हा शब्दही आम्ही ‘चाकोरीबाहेरचे लेखन’ म्हणून किती निश्चिंतपणे वापरतो! कार्तिकात वाळून दगडासारख्या झालेल्या चाकोरीतून पुढचे चाक बाहेर काढायला गेले की ते तिच्या कडेला अडते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. चाकोरीबाहेर पडणे म्हणजे काय, हे त्या मुलाला आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

आता ज्या वस्तूभोवती हे बोलणे फिरत होते तिच्याविषयी. सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भागाला आपल्याकडचे दुरुस्तीवाले चिमटा म्हणतात. साधा चिमटा म्हणजे न हलणारे दोन पाय. डोंगरी सायकलीत त्या जागी एकात एक सरकणाऱ्या नळ्या येतात. बहुधा एका पायात स्प्रिंग किंवा दाबलेली हवा असते आणि दुसऱ्यात तेल. पॉल टर्नर या अमेरिकी गृहस्थाने रॉकशॉक्स ही कंपनी काढून १९८९ च्या सुमारास असा चिमटा बाजारात आणला. तो जेमतेम दोन इंच दबत असे. १९९० साली कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने उताराची शर्यत तो लावून जिंकली आणि वाद जवळजवळ संपला. आज रानवाटांच्या शर्यतीला शंभर-एकशेवीस मिलिमीटर आणि निव्वळ उताराच्या शर्यतीला दोनशे मिलिमीटरपर्यंत दबणारे चिमटे असतात.

यात स्प्रिंगपेक्षा तेल महत्त्वाचे, हे आम्हाला फार उशिरा कळले. स्प्रिंग धक्का साठवते आणि जशाचा तसा परत करते. तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाताना त्या ऊर्जेची उष्णता होते आणि परतफेड सौम्य होते. तेलाचा वेग फार मोकळा ठेवला तर सायकल चेंडूसारखी उसळते. फार आवळला तर अधिक विचित्र गोष्ट घडते : पहिल्या दगडाने दबलेला चिमटा पूर्ववत होण्याआधी दुसरा दगड येतो, मग तिसरा, चिमटा दर वेळी थोडा अधिक खाली राहतो आणि शेवटी दबायला जागाच उरत नाही. स्वाराला वाटते की स्प्रिंग कडक आहे. वस्तुतः तिला श्वास घ्यायला वेळ मिळालेला नसतो.

पनवेलच्या एका बाईंनी सांगितलेली गोष्टही आमच्या मनात राहिली. पहिले काही महिने त्यांना वाटे की चिमटा उंचवट्यांसाठी असतो. म्हणून त्या हवा भरपूर भरत, आणि तरी पुढचे चाक वळणावर निसटे. मग कोणी तरी त्यांना नळीवरचे रबरी कडे दाखवले. स्वार नुसता सायकलवर बसला की चिमटा आपल्या एकूण प्रवासाच्या पाचवा ते चौथा हिस्सा दबायला हवा. ते कडे किती सरकले त्यावरून ते मोजतात. कारण चाकाला वर जसे जावे लागते तसे खळग्यात खालीही उतरावे लागते, जमिनीचा स्पर्श न सोडता. ‘शॉकअप जमिनीपासून वाचवायला नसतो, जमिनीला चिकटून राहायला असतो,’ असे त्या म्हणाल्या आणि चहाचे पैसे द्यायला उठल्या.

याच टपरीवर एक तरुण नेहमी येई, त्याच्या सायकलीला साधा, न दबणारा चिमटा होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. ‘रस्ता खरा कळतो,’ हे त्याचे आवडते वाक्य. आम्हाला ते वाक्य ओळखीचे वाटले, कारण आमच्या वर्गात आम्ही तेच तीस वेगळ्या शब्दांत सांगतो. पण एका रविवारी दगडी उतार संपवून आल्यावर त्याला काचेचा ग्लास धरता येईना. करंगळी आणि अनामिका बधिर झाली होती; तळहाताच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस सतत दाबली आणि हादरली की असे होते, आणि हा सायकलस्वारांचा जुना, डॉक्टरांना माहीत असलेला आजार आहे. म्हणजे सगळा रस्ता थेट हातांत घेणाऱ्याला काही वेळाने रस्ताच कळेनासा होतो.

येथे आम्हाला आमचे मत मांडायचे आहे. साठोत्तरी समीक्षेने ‘अनुभवाची अस्सलता’ हा निकष रूढ केला. तो त्या काळी आवश्यक होता. गुळगुळीत, पांढरपेशा, कल्पनेतल्या खेड्यावर पोसलेल्या लेखनाला त्याने जागा दाखवली. पण हळूहळू या निकषाचा एक विकृत उपयोग होऊ लागला. दलित, भटक्या-विमुक्त, आदिवासी लेखकांकडून आपण विनाचिमट्याचे लेखन मागू लागलो. त्यांनी धक्का द्यावा, तोही कच्चा, थेट. रचना, लय, विनोद, अंतर ही जणू आमची मिरास. ‘दाहक’, ‘रोखठोक’, ‘जळजळीत’ ही विशेषणे वरवर गौरवाची आहेत. प्रत्यक्षात ती लेखकाची कारागिरी नाकारतात. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो आहे, अशी मांडणी आहे. एकाच माणसाचे हे दोन भाग लेखकाने का केले, हा प्रश्न परीक्षेत किती वेळा विचारला जातो? आमच्या मते ते पुस्तक वाचकाच्या हाताला बधिर होऊ देत नाही याचे एक मोठे कारण ही मांडणी आहे. ती दणका कमी करत नाही, तो मोजून पोहोचवते. पण आमच्या नोट्समध्ये ‘बलुतं’ म्हणजे ‘भीषण वास्तव’, आणि तेथे विषय संपतो.

यावर असे म्हटले जाईल की ही सगळी वकिली वाचकाच्या सोयीसाठी आहे. धक्का मऊ करून हवा, एवढेच. ही शंका रास्त आहे. चिमटा चुकीच्या ठिकाणीही लावता येतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. खोपोलीच्या पुढे डांबरी चढावर उभे राहून पेडल मारणाऱ्या त्या स्वाराखाली चिमटा दबत राहिला तर त्याची शक्ती वाया जाईल. फ्रान्समधील पॅरिस–रुबे या दगडी फरसबंदीच्या शर्यतीत द्युक्लो-लासालने १९९२ व १९९३ मध्ये रॉकशॉक्सचा चिमटा वापरून विजय मिळवला, तरीही रस्त्यावरच्या शर्यतींनी तो लवकरच टाकून दिला. शिवाय फार मऊ चिमटाही असतो : तो पहिल्याच किरकोळ खड्यावर आपला सगळा प्रवास खर्च करून बसतो आणि खरा खडक येतो तेव्हा लोखंडावर लोखंड आपटते. भावविवश लेखनाचे नेमके असेच होते. आईच्या फाटक्या पदरावर सगळे अश्रू खर्च झाल्यावर तिच्या मृत्यूला काही उरत नाही.

आणि शोभेचा चिमटाही असतोच. आमच्या मुलांपैकी जी वाड्यांवरून सायकलने येतात त्यांच्या स्वस्त सायकलींना हल्ली जाडजूड शॉकअप असतात. गावातल्या दुरुस्तीवाल्याने एक उघडून दाखवला. आत नुसती स्प्रिंग. तेल नाही, काही नाही, आणि वजन साध्या चिमट्याच्या दुपटीहून अधिक. ‘मुलं रंग बघून घेतात, सर. मग दोन पावसाळ्यांत गंजतो, मी काढून साधा टाकतो.’ आमच्या प्रबंधांमधील परिभाषेविषयी त्याला काही ठाऊक नसावे. असो.

या सगळ्यात आमचा स्वतःचा एक अपराध आहे. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी एका कातकरी वाडीवरच्या विद्यार्थ्याने लेख दिला होता. दिवाळीनंतर कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर जाते, त्या प्रवासाचा. भट्टीमालकाने केलेला हिशेब, धाकट्या बहिणीचा ताप, परत न आलेली आजी. मध्ये सुमारे पानभर मजकूर वेगळाच होता : टेम्पोत गोणपाटाखाली लपवून नेलेला कोंबडा, पोलिसाने गाडी थांबवल्यावर त्याचे आरवणे, आणि त्यावर आजीने दिलेले उत्तर. आम्ही दोघे संपादक होतो. ‘यामुळे परिणाम सैल होतो’ असा शेरा मारून आम्ही ते पान काढले. लेख छापून आला. हिशेब, ताप, आजी, एकामागून एक. सर्वांनी ‘दाहक’ म्हणून वाखाणला. एका सहकाऱ्याने तर भाषणात उल्लेख केला. मुलाने आम्हाला पुन्हा काही वाचायला दिले नाही. आम्ही समजलो, लिहिण्यासारखे संपले असेल. अशा मुलांकडे एकच अनुभव असतो, असे आपण म्हणतो ना.

आज तो छापील लेख आम्ही पुन्हा वाचतो तेव्हा आजी येईपर्यंत आमच्यात काही उरलेलेच नसते. तिचे जाणे आम्हाला कळते, लागत नाही. कारण ज्या पानावर ती जिवंत होती, बोलत होती, पोलिसाला गप्प करत होती, ते पान आम्ही काढून टाकले. मुलाला तेल कोठे हवे ते कळले होते. आम्ही एम.ए. होतो.

गेल्या दिवाळीत तो खोपोलीच्या बाजारात भेटला. एका कारखान्यात कामाला आहे. आम्ही त्याला म्हटले की तो लेख मूळ रूपात पुन्हा छापायचा आहे, कोंबड्याच्या पानासह. तो हसला. म्हणाला, ‘ते पान तुमच्याकडेच होतं, सर. माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती.’ आजीने पोलिसाला काय उत्तर दिले होते, ते आम्ही विचारले. त्याने थोडा वेळ आठवून पाहिले. आम्हालाही आठवत नव्हते.