रस्त्यात ज्यांचा गट नंबर नाही, त्यांच्यासाठी



शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात आजवर जेवढ्या सभा झाल्या, त्यांत पुढे बसले ते ज्यांचे गट नंबर अधिसूचनेत आले ते. साहजिक आहे. ज्याचे जळते त्याला कळते. बाकीचे म्हणतात, 'आपली जमीन जात नाही, आपला काय संबंध?' या वेळची पाने आम्ही मुख्यतः या बाकीच्यांसाठी काढली आहेत.

ज्याची जमीन रस्त्यात जाते त्याला निदान नोटीस येते. मोजणीवाला येतो. मोबदल्याचा आकडा, कमी का होईना, कागदावर उतरतो. रस्त्याच्या कडेला ज्याची जमीन उरते त्याच्याकडे कोणीही येत नाही. त्याच्याकडे येते ते पाणी, आणि तेही रस्ता झाल्यावर. तेव्हा तो तलाठ्याकडे जातो, तलाठी ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदाराचे काम संपलेले असते. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत.

प्रकल्प काय आहे ते थोडक्यात सांगतो. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, बारा जिल्ह्यांतून, सुमारे ८०२ किलोमीटरचा द्रुतगती महामार्ग, असा मूळ प्रस्ताव. नागपूर ते गोवा १८ तासांचा प्रवास ८ तासांवर येईल, हे त्याचे मुख्य भांडवल. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यातली भूसंपादनाची अधिसूचना सरकारने रद्द केली. निवडणूक झाली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि आखणीसाठी २०,७८७ कोटी रुपये मंजूर केले. आखणी बदलण्याच्या घोषणाही होत राहिल्या. रेष या गावातून उठून त्या गावात गेली की या गावात फटाके आणि त्या गावात मोर्चा. आम्हाला दोन्ही मान्य नाही. रेष कोणाच्याही शिवारात गेली तरी पुढचा प्रश्न तोच राहतो.

प्रश्न असा. या रस्त्यामुळे आपल्या पाण्याचे, मातीचे, पिकाचे काय होणार, हे सरकारने आपल्याला कुठे आणि कधी सांगायचे?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा होता. गावात बसून, गावाला विचारून तो करायचा होता. पण महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ खाली होणारे भूसंपादन या तरतुदीतून बाहेर काढले. ते दार बंद झाले. वनजमीन असेल तिथे ग्रामसभेचा वनहक्क आहे, पण देशावरच्या बहुतेक गावांना त्याचा उपयोग नाही. उरते एकच दार. पर्यावरण आघात मूल्यमापन, आणि त्यावरची जाहीर जनसुनावणी. हे २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे. ज्याची जमीन जात नाही असा शेतकरी कायद्याने उभा राहून बोलू शकतो, अशी याशिवाय दुसरी जागा आम्हाला तरी सापडलेली नाही.

या दाराची चौकट फार भक्कम आहे, असे मात्र कोणी समजू नये. मूल्यमापनाचा अहवाल लिहिते सल्लागार कंपनी. तिला नेमतो, तिचे बिल भागवतो तो ज्याला रस्ता बांधायचा आहे तो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. सल्लागार सगळे लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. पण आपल्याच गिऱ्हाइकाचा प्रकल्प करू नका, असे लिहिणारा सल्लागार पुढच्या वर्षी काय खाईल, हे तुम्हीच सांगा.

आणि दुसरी गोष्ट, जी आम्हाला पहिल्यापेक्षा गंभीर वाटते. १९९४ च्या पहिल्या अधिसूचनेपासून प्रघात असा पडला आहे की हवा, पाणी, माती यांची आधारभूत माहिती एका ऋतूची घेतली तरी चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. म्हणजे साहेब शिवारात येणार मार्चमध्ये. ओढा कोरडा, बांध कोरडे, विहिरीत तळाला पाणी. त्या दिवशीचा ओढा पाहून तो ओढ्याचे वर्णन लिहिणार. रस्त्याने शेतकऱ्याचे जे नुकसान होते ते तर चार महिन्यांत होते, जून ते सप्टेंबर.

कसे होते ते नीट समजून घेऊ, कारण सुनावणीत हेच बोलायचे आहे. आपल्या रानावर पडलेले पाणी सगळेच ओढ्याने वाहत नाही. बरेचसे शेतांवरून पसरत, बांधांवर थांबत, उताराने खाली सरकते. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते दहा कोटी लिटर पाणी होते. यातले निम्मे जिरले असे धरा. उरलेले पाच कोटी लिटर आज अख्ख्या शिवाराच्या रुंदीवरून सरकते. त्याला आडवा भराव घातला की ते दोन-तीन मोऱ्यांतून जाणार. भरावाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते. काळ्या जमिनीत ते उतरायला दिवस लागतात, वाफसा येत नाही, पेरलेले सोयाबीन पिवळे पडते. खालच्या अंगाला त्याच पाण्याचा लोंढा मोरीतून एकाच शेतात सुटतो आणि माती वाहून नेतो. या दोन्ही शेतकऱ्यांचा गट नंबर अधिसूचनेत नसतो.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात याहून वाईट. शिरोळकडची चिबड आणि क्षारपड जमीन सगळ्यांना माहीत आहे. ती सुधारायला शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घालून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, त्यांचे पाणी चरीतून नाल्यात सोडले. असा चर कुठे भरावाखाली गाडला गेला तर वरची सगळी सुधारलेली जमीन पुन्हा मिठाला जाईल. उपसा सिंचन संस्थांच्या पाइपलाइनींचेही तेच. हे पाइप नकाशावर नसतात. उपग्रहाच्या चित्रात दिसत नाहीत. ते ज्याने टाकले त्याला माहीत.

पुराबद्दल वेगळे सांगायला नको. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. नदीच्या निळ्या रेषेच्या आत शेतकऱ्याला घर बांधायला परवानगी मिळत नाही, पुराला अडथळा होतो म्हणून. ते बरोबरच आहे. मग त्याच रेषेच्या आत मातीचा भराव कसा चालेल, याचे उत्तर अहवालात पाहिजे. 'पुरेशा मोऱ्या ठेवण्यात येतील' हे उत्तर आम्ही घेणार नाही. पूरपट्ट्यात खांबांवर रस्ता, किंवा रस्ता नाही.

आता भरावाची माती येणार कुठून? साधा हिशेब करू. तीन मीटर उंच आणि सरासरी पन्नास मीटर रुंद भराव धरला तर एका किलोमीटरला दीड लाख घनमीटर, म्हणजे सुमारे ५३,००० ब्रास. पाच ब्रासच्या टिप्परने साडेदहा हजार खेपा. एका किलोमीटरला! सगळीकडे भराव तीन मीटरचा नसेल, कुठे कमी, कुठे खोदाई. तरी अंदाज यावा. समृद्धी महामार्गाच्या वेळी गौण खनिजाच्या बेकायदा उत्खननासाठी वर्धा, जालना जिल्ह्यांत महसूल खात्याने ठेकेदारांना कोट्यवधींच्या दंडाच्या नोटिसा काढल्या. नोटिसा निघाल्या तेव्हा टेकड्या गेलेल्या होत्या. रस्त्यासारख्या कामांच्या मातीला पर्यावरण मंजुरीतून दिलेली २०२० ची सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली, ती उगीच नव्हे. तेव्हा सुनावणीत विचारायचे: माती कोणत्या गावच्या कोणत्या गटातून घेणार, त्या गटाखालच्या विहिरींचे काय? आपल्या खडकाळ मुलखात विहिरीचे पाणी मुरमाच्या थरातच साठते. मुरूम नेला म्हणजे पाण्याचे मडके फोडले.

घाटाबद्दल इथे थोडेच लिहितो. चंदगड-दोडामार्गकडे हत्ती आहेत, राधानगरीकडे गवे आहेत, २०२० मध्ये तिलारीचे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. बोगदा काढला म्हणजे वरचे जंगल वाचले, असे सांगितले जाते. डोंगराच्या पोटातले झरे बोगद्यात उतरले तर खालच्या वाड्यांनी काय प्यायचे, हा प्रश्न कोकणातल्या कार्यकर्त्यांनी लावून धरावा. समृद्धीवर वन्यप्राण्यांना जायला पूल आणि भुयारी वाटा केल्या. चांगले केले. धनगराची मेंढरे, ऊसतोडीच्या गाड्या आणि शाळेची पोरे यांनाही तेवढाच मान मिळावा, एवढीच विनंती.

आम्हाला विकासविरोधी म्हणतात. रस्ता कोणाला नको आहे? भाजी बाजारात न्यायला रस्ता लागतो, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला रस्ता लागतो. आमच्या गावचे रस्ते येऊन पाहा. पण रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्ग झालेला असताना त्याच दिशेने दुसरा कशाला, हे विचारणे म्हणजे विरोध नव्हे, तो अहवालाचाच भाग आहे. पर्यायांचा विचार करा, असे २००६ ची अधिसूचनाच सांगते. आहे तोच रस्ता सुधारला तर किती जमीन वाचते, किती तास वाचतात, हे आकडे शेजारी शेजारी मांडा. मग बोलू.

करायचे काम. सुनावणीची नोटीस निघाल्यावर हातात ३० दिवस असतात. तेवढ्यात काही होत नाही. म्हणून गावाने आपला अहवाल आधीच तयार ठेवावा. गावनकाशावर ओढे, चर, पाइपलाइनी, विहिरी, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा लावा. विहिरींचे पाणी दोरीने मोजा, मे महिन्यात एकदा, दिवाळीला एकदा. पावसात पाणी कुठून कसे सरकते त्याचे तारखेसह फोटो काढा. हे काम पोरांना द्या, त्यांना जमते. सगळे ग्रामसभेत ठरावाने मंजूर करून घ्या. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला ठेवावा लागतो, त्याचा मराठी सारांश द्यावा लागतो. तो वाचा. आपल्या गावचा ओढा त्यात आहे का ते पाहा. रेष बदलली असेल तर अभ्यास जुन्या रेषेचा आहे की नव्या, हे पहिल्यांदा विचारा.

सुनावणी प्रत्येक जिल्ह्यात वेगळी घ्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो, चित्रीकरण होते. गणसंख्येची अट नाही. म्हणजे आपण गेलो नाही तरी सुनावणी 'पार पडते'. घोषणा देऊन मंडप उधळला तर नोंद गोंधळाची होते, ओढ्याची होत नाही. म्हणून एकेकाने उठावे, नाव-गाव सांगावे, आपल्या शेताचे पाणी सांगावे, आणि लेखी प्रत देऊन तिची पोच घ्यावी.

बोललेल्याचे इतिवृत्त त्याच दिवशी शेवटी मराठीतून वाचून दाखवायचे असते. जे बोललो ते त्यात आले नसेल तर तिथेच उठून सांगायचे. बहुतेक ठिकाणी तोवर लोक परतीच्या गाडीत बसलेले असतात. त्या दिवशी भाकरी बांधून आणा आणि ट्रॅक्टरवाल्याला रात्रीची वेळ सांगून ठेवा.