बेत मोडतो तो आपलाच माणूस

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या रमीसारख्या खेळांवर बंदी आणली. झालं ते बरंच झालं. पण तेव्हापासून आमच्या नरसिंहपुरात मोबाइल आडवा धरलेलं पोरगं दिसलं, की पारावरचं कुणीतरी विचारतं, “बंदी आलीय ना रे त्याच्यावर?” मलाही विचारतात. मी चाळिशी ओलांडलेला, ऊस लावणारा, दोन पोरांचा बाप. मी मोबाइलवरचा क्लॅश ऑफ क्लॅन्स हा लढाईचा खेळ खेळतो आणि आमच्या क्लॅनचा, म्हणजे टोळीचा, को-लीडर आहे. क्लॅनचं नाव सांगत नाही, शत्रूही पेपर वाचतात.

त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना आणि पैज नसलेल्या खेळांना उत्तेजन द्यायचं लिहिलंय, ते कुणी वाचलेलं दिसत नाही. पण माझं भांडण कायद्याशी नाही. मोबाइलवरची लढाई म्हणजे नुसती बोटं चालवणं, ही जी समजूत आहे तिच्याशी आहे.

आमचं वॉर दोन दिवसांचं. एक दिवस तयारीचा, एक लढाईचा. पंधरास पंधरा लावलं, तर दोन्हीकडचे पंधरा बेस, म्हणजे खेळाडूंची ठाणी, ताकदीप्रमाणे नकाशावर एकाखाली एक लागतात. प्रत्येकाला दोन अटॅक. एका बेसवर जास्तीत जास्त तीन स्टार, आणि तोच बेस दुसऱ्याने पुन्हा पाडला तर नवीन काही मिळत नाही. आता गंमत बघा. आपला एक नंबरचा खेळाडू समोरच्या चौदा नंबरवर गेला, तर डोळे मिटून तीन स्टार आणतो. ग्रुपवर वाहवा होते. पण समोरचा एक नंबर कोण पाडणार? आपला चौदा नंबर? म्हणजे तो चौदावा बेस आपल्या हलक्या गड्याच्या तोंडचा घास होता, तो पैलवानाने खाल्ला.

या महिन्यात मोटारीला रात्रपाळीची वीज आहे, त्यामुळे प्लॅनिंग विहिरीच्या कडेलाच होतं. एका सरीला पाणी भरेस्तोवर मी यादी लावतो. कोणी कोणावर जायचं, कोणाचा दुसरा अटॅक क्लीनअपसाठी राखायचा, कोणाच्या क्लॅन कॅसलला कोण सैन्याचं डोनेशन देणार. पलीकडच्या संगम गावचा एक पोरगा आहे, हात असा की ड्रॅगन कुठून सोडावा हे त्याला नकाशाकडे बघताच कळतं. त्याला मी लिहिलं, “तू तीन नंबर घे आणि दुसरा अटॅक शेवटच्या दोन तासांपर्यंत ठेव.” त्याचं उत्तर आलं, “दादा, तोवर मी काय करू?” तोवर काही करायचं नाही, हेच त्याचं काम. हे पटवायला मला यादी लावण्यापेक्षा जास्त वेळ लागला. अख्ख्या खेळात अवघड आहे ते एवढंच. तगड्या माणसाला थांबवून धरणं.

ही अडचण आमच्या गावाला जुनी आहे. नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहाचं देऊळ बांधलं विंचूरकर सरदारांनी, हे त्यांचं कुलदैवत. त्याच घराण्याचे विठ्ठल शिवदेव 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर होते. सदाशिवरावभाऊंचा बेत गोलाच्या लढाईचा. तोफा आणि गारदी पुढे, बुणगे सांभाळून सगळ्यांनी एकमेकांना धरून सरकायचं. डाव्या अंगाला इब्राहिमखानाचे गारदी, त्यांच्या लगत दमाजी गायकवाड आणि विंचूरकर. गारद्यांनी रोहिल्यांना मागे रेटलं. ते बघून शेजारच्या स्वारांना राहवलं नाही, त्यांनी जागा सोडून घोडे घातले, रोहिल्यांच्या बंदुकांपुढे टिकाव लागला नाही आणि गारद्यांची बाजू उघडी पडली, असं त्या दिवसाचं वर्णन आहे. त्या दिवशी मराठे हरले त्याला कारणं पुष्कळ, उपासमार धरून. सगळं खापर विंचूरकरांवर फोडणाऱ्यांशी मी देवळाच्या पायरीवर बसून भांडलेलो आहे. जुन्या सरदारांची हयात गनिमी काव्यात गेली होती आणि तोफा-गारद्यांचं नवं तंत्र त्यांच्या गळी उतरलेलं नव्हतं. बेत भाऊंचा होता, सरदारांचा झालाच नव्हता.

खेळातही हेच होतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळातला 2005 सालचा एक व्हिडिओ जगभर गाजला. एक टोळी दारापाशी उभी राहून आत कसं शिरायचं याचा काथ्याकूट करतेय, आकडेमोड चाललीय, आणि एक गडी स्वतःचंच नाव ओरडत, “लीरॉय जेन्किन्स!” म्हणत आत घुसतो. सगळे मरतात. तो प्रसंग ठरवून केलेला होता हे पुढे त्यांनीच सांगितलं. तरी लोक हसले, कारण प्रत्येक टोळीत एक लीरॉय असतोच. आमच्यात दोन आहेत, एक माझा चुलतभाऊ.

आणि लढाई नसतानाचं राजकारण वेगळंच. आमचा क्लॅन इंदापूर, माळशिरस आणि माढा अशा तीन तालुक्यांचा. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. 2021 मध्ये उजनीचं पाच टीएमसी पाणी इंदापूरला द्यायचं ठरलं, सोलापूरकर पेटले आणि निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हा ग्रुपवर पोरं एकमेकांना डोनेशन देईनात. माढ्याच्या एकाने सरळ लिहिलं, “आधी पाणी चोरणं बंद करा, मग ड्रॅगन मागा.” त्याला काढून टाका, असा आमच्याकडच्यांचा आग्रह. मी काढलं नाही. उलट त्याच्याकडेच पुढच्या वॉरची यादी दिली. कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल बांधणारे जे करतात तेच हे, नाराजाला व्यासपीठावर बसवायचं. तो आजही आमच्यात आहे.

हे पोरकट वाटत असेल तर ईव्ह ऑनलाइन नावाचा आइसलँडमधला अंतराळयुद्धाचा खेळ बघा. त्यात जानेवारी 2014 मध्ये सात हजारांवर खेळाडूंची एकवीस तास लढाई झाली. सुरुवात कशाने, तर एका गटाचा त्या प्रदेशाचा हप्ता भरायचा राहिला म्हणून! त्याच खेळातल्या एका मोठ्या गटाचा वाटाघाटी करणारा वकील होता शॉन स्मिथ. प्रत्यक्षात तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला होता, आणि 11 सप्टेंबर 2012 ला बेंगाझीच्या हल्ल्यात मारला गेला. जगभरच्या खेळाडूंनी त्याचं सुतक पाळलं.

खेळात खोट नाही असं मी म्हणत नाही. जेम्स विकत घेऊन टाउन हॉल लवकर वाढवता येतो, आणि पोरांच्या हातात बापाचा यूपीआय पिन असला की घरात तमाशा होतो. जागरणं होतात. दहावीच्या पोराला मी वॉरमध्ये घेत नाही, त्याने कितीही गयावया केली तरी.

तेव्हा आईबापांनी दोन गोष्टी विचाराव्यात. पैसा लागतोय का आणि सोबत कोण खेळतंय. पैसा लागत असेल तर मोबाइल काढून घ्या. नसेल, आणि तुमचं पोरगं रात्री यादी लावत बसत असेल, तर वैशाखात नृसिंह जयंतीला देवळापुढे गाड्यांचा जो खोळंबा होतो, त्याच्या बंदोबस्ताची जबाबदारी देवस्थानाने आणि ग्रामपंचायतीने एकदा अशा चार पोरांवर टाकून बघावी. माणसं मी देतो.