काडतुसाआधी हात

आमच्या फलटणात एखाद्या बागायतदाराने शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केल्याची वार्ता पसरली, की पारावर पहिला प्रश्न निघतो तो 'केवढ्याला घेणार?' असा; 'शिकणार कुठे?' असे विचारणारा मनुष्य मला आजवर भेटलेला नाही. त्यातही ज्याच्या मनात मॅग्नम भरले, त्याला तर शिकण्याची गोष्ट काढणेही अपमानास्पद वाटते.

'मॅग्नम' या लॅटिन शब्दाचे आपल्या 'महत्' शब्दाशी जुने नाते आहे, आणि 1935 साली अमेरिकेत .357 मॅग्नम काडतूस बाजारात आले तेव्हापासून त्या नावातील थोरवीची भुरळ ओसरलेली नाही. वस्तुतः ते .38 स्पेशल या जुन्या काडतुसाचेच सुमारे अष्टमांश इंच लांब केलेले भावंड होय. गोळीचा व्यास जवळजवळ तोच, आतला दाब मात्र दुपटीच्या घरात. लांबी वाढवली ती मुद्दाम, हे दांडगे काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरात बसूच नये म्हणून. उलट, मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरात .38 स्पेशल खुशाल चालते, आणि जाणता उस्ताद नवशिक्याच्या हाती आरंभी तेच देतो. आपल्याकडे खाजगी इसमास विदेशी शस्त्र मागविण्याची मुभा गेल्या शतकाच्या नवव्या दशकातच बंद झाल्यामुळे जुनी मॅग्नम भलत्याच किमतीला हस्तांतरित होत राहतात, आणि बहुतेकांच्या वाट्याला देशी बनावटीचे .32 येते.

मी स्वतः पन्नाशी उलटल्यावर असेच एक .32 हाताळावयास पुण्यास गेलो होतो. शिकविणारे गृहस्थ निवृत्त सुभेदार. पहिला अर्धा तास त्यांनी काडतूस दाखविलेसुद्धा नाही. बोट चापाबाहेर, नळीचे तोंड बांधाकडे, एवढाच पाठ. मग सहा घरांपैकी कोणत्याशा दोन घरांत बार झालेल्या रिकाम्या पुंगळ्या भरून, मला न दाखविता त्यांनी सिलिंडर फिरवून मिटविला. दोन बार झाले. तिसऱ्या वेळी घोडा टक्कन पडला, बार झाला नाही, आणि माझ्या मनगटाने आपण होऊन खाली मारलेली बुडी मला स्वच्छ दिसली. माशी निशाण सोडून मातीकडे पाहत होती. "साहेब, गोळी अजून निघालीच नाही," सुभेदार म्हणाले, "आणि तुम्ही दचकून मोकळे!"

.32 च्या बेताच्या धक्क्याने जर ही अवस्था, तर ज्याने पहिल्याच दिवशी मॅग्नम हाती घेतले त्याचा हात काय शिकत असेल? तो दचकणेच शिकतो, आणि एकदा हाडात मुरलेले ते दचकणे काढावयास पुढे शेकडो काडतुसे खर्ची पडतात. 2018 च्या आशियाई स्पर्धांत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे शस्त्र .22 चे होते, हे आमच्या थोर कॅलिबरच्या भोक्त्यांस कोणीतरी सांगावयास हवे.

1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील 2016 च्या नियमांनी अर्जदारास सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले, हे उत्तमच झाले. परंतु ते एकदाच, आणि प्रमाणपत्र दप्तरी लागले की संपले. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनावरून पाच वर्षांवर नेली. तेवढ्या अवधीत कित्येक रिव्हॉल्व्हरे कपाटातून बाहेर पडतात ती निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा होण्यापुरतीच, किंवा त्याहून वाईट, वरातीत. हवेत उडविलेल्या बाराला त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. पण वरातीत बार उडविणाऱ्याला कायदा कळत नाही असे नव्हे. त्याला आपल्या हातातील वस्तूच कळलेली नसते. म्हणून माझे म्हणणे असे, की नूतनीकरणाच्या अर्जासोबत त्या मुदतीतील सरावाचे, तारीखवार सही झालेले निशाणाचे कागद मागावेत, आणि रिकाम्या पुंगळीची ती परीक्षा पुन्हा द्यावयास लावावी.

तालुक्याच्या गावी रेंज कुठली, पुणे शंभराहून अधिक किलोमीटर, ही तक्रार होईल. ती खोटी नाही. पण आमच्याच तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव गरिबीतून धनुष्य घेऊन टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. ज्याला लाखांचे शस्त्र परवडते त्याला वर्षातून दोनदा पुण्याची एस.टी. परवडू नये, हे काही पटत नाही.

त्या दिवशी माझ्या अखेरच्या सहा गोळ्या, सात मीटरवरून, एका भाकरीत मावतील इतक्या जवळ आल्या. कागदावर सुभेदारांनी तारीख घातली. सही कोठे करता, असे विचारले, तेव्हा पेन खिशाला लावीत ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात या, मग बघू."