गिअर उतरवा, सायकल वाचवा



मूल सहावी-सातवीत गेले की घरात गिअरच्या सायकलचा हट्ट सुरू होतो. सायकल येते, एक पावसाळा जातो आणि मग तीच सायकल ओसरीत धूळ खात पडते. आपल्या माळव्याची काळी माती चिकट. ती गिअर बदलणाऱ्या भागात, म्हणजे डिरेलरमध्ये, शिरते. केबल गंजते, चेन उतरते. दुरुस्तीचा कंटाळा येतो आणि पालक नाइलाजाने मुलाच्या हाती स्कूटीची किल्ली देतात. आमचा आक्षेप आहे तो इथे. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडापेक्षा मोठी गोष्ट मुलाच्या जिवाची, हे सांगायला नकोच.

यावर आमचे मत साधे आहे. अशी सायकल भंगारात देऊ नका, तिला एका गिअरची करून घ्या.

सांवेरला गिअरची खरोखर गरज किती? इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर, उज्जैन सुमारे ४९० मीटर, आणि मधले अंतर पन्नास किलोमीटरहून अधिक. म्हणजे रस्ता जवळजवळ सपाटच. महूपलीकडचा जाम घाट चढायचा असेल तर गिअर अवश्य ठेवावेत. शाळेत येण्यासाठी नकोत. फ्रान्समधील प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण तिथे डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर खेळाडूंनी पर्वतही त्याच्याविनाच ओलांडले!

काम अवघड नाही. दोन्ही डिरेलर, त्यांच्या केबल आणि दांडीवरचे खटके काढायचे. मागचे अनेक चक्रांचे फ्रीव्हील काढून एकाच चक्राचे बसवायचे आणि चेन छोटी करायची. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष हवे. पुढचे आणि मागचे चक्र एका सरळ रेषेत आले पाहिजे, नाहीतर चेन उतरते. त्यासाठी मेकॅनिककडून चाक थोडे सरकवून घ्यावे लागते. दुसरे, चेनचा ताण. चाक बसण्याची खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून ताण मिळतो. उभी असेल तर ताण देणारी वेगळी चकती लावावी लागते. चेन मधोमध बोटाने दाबली तर साधारण एक सेंटिमीटर हलावी. ब्रेक दोन्ही शाबूत ठेवावेत.

आता दाते किती ठेवायचे? इथे गणित कामी येते. पुढचे दाते भागिले मागचे दाते, हे झाले गुणोत्तर. आपली मुले हिंदी पुस्तकात ज्याला 'अनुपात' म्हणतात तेच. त्याला चाकाच्या परिघाने गुणले की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळते. २६ इंची चाकाचा परिघ सुमारे २.०७ मीटर. पुढे ४२ आणि मागे १८ दाते असतील तर एका फेऱ्यात सुमारे ४.८ मीटर, मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १७ किलोमीटर. पुढे ३४ आणि मागे १६ ठेवले तर ४.४ मीटर, ताशी सुमारे १६ किलोमीटर. वेगातला फरक थोडा, पण गुडघ्यावरचा भार कमी.

लहान मुलांसाठी आणि पाठीवर जड दप्तर असणाऱ्यांसाठी आम्ही ३४-१६ सुचवू. अकरावी-बारावीच्या मुलामुलींना ४२-१८ चालेल. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा असतो, इंदूरच्या दिशेने जाताना तो समोरून लागतो, हेही ध्यानात ठेवावे. जास्त वेगाच्या हौसेने मोठे गुणोत्तर निवडाल तर आठ दिवसांत सायकल पुन्हा ओसरीत जाईल.

विश्वस्त मंडळास विनंती की शाळेत अवजारांची एक पेटी ठेवावी आणि गावातील एखाद्या अनुभवी सायकल मिस्त्रींना मानधन देऊन शनिवारी बोलवावे. मुलेमुली दोघांनीही हात काळे करून शिकावे. ज्याला आपली सायकल स्वतः नीट करता येते, त्याला शाळेत सोडायला कुणी यावे लागत नाही.